सात हजार झाडं, सात हजार दगड आणि एक रजिस्टर

दगडाकडून नोंद ठेवून घ्यायची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवेवरचा दगड दोन गावांची हद्द सांगतो. बांधाच्या कोपऱ्यात पुरलेला दगड हातभर सरकला, तर दोन सख्ख्या भावांत कोर्टकज्जा उभा राहतो. गावोगावच्या देवळांच्या आवारात वीरगळ असतात. बहुतेकांवर नाव नसतं, पण कुणीतरी गावासाठी, गावाच्या गुरांसाठी लढता लढता पडला, एवढं त्यावरच्या चित्रांवरून आजही कळतं. कागदाला वाळवी लागते, माणूस विसरतो. दगड मात्र सांगत उभा राहतो.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे जर्मनीतल्या एका शहरात झाडं लावताना प्रत्येक झाडाशेजारी एकेक दगड पुरला गेला. असे सात हजार दगड आणि सात हजार झाडं. ही वृक्षारोपणाची सरकारी मोहीम नव्हती. एका कलावंतानं मांडलेली आणि लोकांनी पुरी केलेली ती कलाकृती होती. आता तुम्ही म्हणाल, कलेचा आणि आमच्या शेताशिवाराचा काय संबंध? संबंध आहे. दरवर्षी मृग लागला की आपल्याकडं खड्डे खणले जातात, रोपांचे ट्रक येतात, फोटो निघतात. पुढच्या मृगाला पुन्हा तेच. खड्डा तोच, रोप नवं आणि फोटोही नवा, असा विनोद तुम्हीही ऐकला असेल. त्या शहरात हा विनोद चालला नाही, आणि तो का चालला नाही हे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले कालपरवापर्यंतचे ग्रामसेवक) आणि शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

कासेलचा ढीग

कासेल हे जर्मनीच्या साधारण मध्यावरचं शहर. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ सालच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्याची राखरांगोळी झाली. पुढं शहर नव्यानं उभं राहिलं ते मोटारींच्या सोयीनं. रुंद रस्ते, डांबर आणि काँक्रीट आलं, झाडं मागं पडली. याच शहरात १९५५ पासून ‘डोक्युमेंटा’ नावाचं मोठं कलाप्रदर्शन भरतं. हल्ली ते पाच वर्षांनी एकदा असतं. १९८२ साली सातवं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात योसेफ बॉइस या नामवंत जर्मन कलावंतांनी काम करावं असं ठरलं. बॉइस यांचा जन्म १९२१ चा. ड्युसेलडोर्फच्या कला अकादमीत त्यांनी प्राध्यापकी केली होती. डोक्यावर कायम फेल्टची टोपी. प्रत्येक माणूस हा कलावंतच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

चित्र नाही, पुतळा नाही; बॉइस यांनी प्रदर्शनाच्या मुख्य इमारतीसमोरच्या मैदानात काळ्या दगडांचा ढीग रचला. सात हजार दगड, प्रत्येक सुमारे चार फूट उंचीचा. दगड कोणता, तर बेसाल्ट. म्हणजे आपला काळा पाषाणच म्हणा. लाव्हा थंड होताना तडकतो आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे खांब कसे दिसतात ते सांगायला नको. घडवून, घासून गुळगुळीत केलेले हे दगड नव्हते. खाणीतून आले तसेच ते रचले. ढिगाचा आकार पाचरीसारखा होता, आणि पाचरीच्या टोकाशी १६ मार्च १९८२ रोजी बॉइस यांनी स्वतःच्या हातानं ओकचं पहिलं रोप लावलं.

नियम एकच होता. ढिगातला दगड हलवायचा असेल तर आधी शहरात एक झाड लावायचं आणि दगड त्याच्या शेजारी उभा पुरायचा. झाडाविना दगड हलणार नाही.

या नियमातली गंमत बघा. ढीग शहराच्या ऐन मध्यावर. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो बघणार. ढीग जेवढा, तेवढं काम शिल्लक. खळ्यावरची रास बघून जसं आपण मापाशिवाय सांगतो की अजून किती पोती भरायची आहेत, तसं कासेलच्या माणसाला नुसत्या नजरेनं कळत होतं की अजून किती झाडं लावायची राहिली. प्रगती अहवाल नको, आढावा बैठक नको. आपल्याकडं लावलेल्या झाडांचा आकडा फलकावर झळकतो, शिल्लक कामाचा ढीग मात्र कुणी चावडीपुढं मांडून ठेवत नाही.

लोकांना हे लगेच पटलं, असं अजिबात समजू नका. शहराच्या मुख्य चौकात दगडांचा ढिगारा बघून अनेकजण चिडले. कुणाला मैदान विद्रूप झालं असं वाटलं, तर कुणाला मोटार लावायची जागा जाणार याचं दुःख. आपल्याकडं बांधावर झाड लावलं की शेजारी म्हणतो, ‘माझ्या पिकावर सावली पडणार,’ त्यातलाच प्रकार. पण ढीग काढून टाकायचा रस्ता एकच होता, झाडं लावणं! विरोधकालाही कामाला लावणारा असा नियम आमच्या कुठल्या योजनेत मी तरी अजून पाहिलेला नाही.

पैशाचं म्हणाल तर एका झाडाची आणि दगडाची देणगी होती ५०० मार्क, म्हणजे सात हजारांचे ३५ लाख मार्क. ज्यानं देणगी दिली त्याला झाडाचं प्रमाणपत्र मिळायचं. अमेरिकेतल्या डिया या कलासंस्थेनं सुरुवातीचा पैसा दिला. तरी कमी पडायचं. मग बॉइस यांनी रशियाच्या झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांदेखत वितळवून तिचा ससा ओतला आणि तो विकून पैसा उभा केला. एका जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीतही ते झळकले. झाडांसाठी दारूची जाहिरात करावी की नाही, यावर आपल्या ग्रामसभेत रात्र उजाडली असती.

जागा कुणी ठरवल्या, हा मात्र माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. शाळा, बालवाड्या, मोहल्ल्यांच्या समित्या, स्थानिक मंडळं आणि साधे रहिवासी यांनी जागा सुचवल्या. ‘आमच्या शाळेपुढं लावा’, ‘आमच्या गल्लीत लावा’ असं लोकांनी सांगायचं आणि मग तिथं रोप आणि दगड जायचा. सगळे ओकच होते असंही नाही. जागा बघून लिंडन, ॲश, मेपल, चेस्टनट, प्लेन अशी तिकडची इतर झाडंही लावली. नाव मात्र ‘७००० ओक’ असंच राहिलं.

कलावंत गेल्यावर

२३ जानेवारी १९८६ रोजी बॉइस वारले. बरीचशी झाडं लागली होती, पण काम पुरं झालेलं नव्हतं. एका माणसाच्या हिमतीवर चालणारी किती कामं तो माणूस गेला की बसतात, ते आपण रोज पाहतो. चांगला सरपंच पडला की त्यानं सुरू केलेली रोपवाटिका वर्षभरात गवतानं भरते. इथं तसं झालं नाही, कारण ढीग तिथंच होता. शिल्लक दगड दिसत होते. पुढच्या, म्हणजे आठव्या डोक्युमेंटाच्या वेळी, १२ जून १९८७ रोजी बॉइस यांचे चिरंजीव वेन्त्सेल यांनी शेवटचं झाड लावलं, तेही वडिलांनी लावलेल्या पहिल्या झाडाच्या शेजारी. मैदान रिकामं झालं.

इथपर्यंतची गोष्ट लावण्याची. आपल्याकडं गोष्ट इथंच संपते, हार-तुरे होतात, मंडप उतरतो. कासेलमध्ये खरं काम इथून सुरू झालं. ही झाडं शहराच्या हवाली झाली आणि निगा नगरपालिकेच्या उद्यान खात्याकडं आली. पुढं फक्त याच कामासाठी ‘७००० ओक’ नावाचा न्यास उभा राहिला. झाड कुठं, कोणत्या जातीचं, त्याचा दगड कोणता, याची जागावार नोंद आणि नकाशा ठेवला गेला. त्या काळातले कागद आणि छायाचित्रं जपली गेली. झाडं आणि दगड मिळून वारसा म्हणून त्यांना कायद्याचं संरक्षणही मिळालं. एखादं झाड वाळलं, वादळात पडलं, तर त्याच दगडाशेजारी नवं झाड लावायचं. दगड उभा असतो ना! झाड गुपचूप नाहीसं झालं तर एकटा दगड बोंब मारतो.

दगडाचा आणखी एक उपयोग आम्हा कृषी खात्यातल्या माणसांच्या चटकन लक्षात येतो. दगड वाढत नाही. लावताना रोप काटकुळं होतं आणि दगडच त्याच्यापेक्षा भारदस्त दिसायचा. काही वर्षांनी दोघं जोडीची वाटू लागली. आज चाळीस वर्षांवर काळ लोटला आहे. झाडाचा पसारा डोक्यावर गेला आहे आणि दगड बुंध्याशी बसलेल्या पोरासारखा दिसतो. झाडाचा वाढता आकार आणि दगडाचा न बदलणारा आकार यांचं बदलत जाणारं नातं हेच बॉइस यांना दाखवायचं होतं. आपण त्याला मोजपट्टी म्हणू. कुठल्याही वर्षीचा फोटो काढा, शेजारी दगड असला की झाड किती वाढलं ते टेप न लावता कळतं.

कागदावरची चारशे वर्षं

दगडाऐवजी कागदावर भरवसा ठेवणारं एक कामही सांगतो. फिनलंड देशात इलोयार्वी इथं वाळू-खडी उपसून उजाड झालेली जागा होती. आग्नेस डेनेस या अमेरिकेतल्या कलावंत बाईंनी तिथं माणसाच्या हातानं डोंगर रचून त्यावर ११ हजार झाडं लावायची कल्पना मांडली. १९९२ च्या वसुंधरा परिषदेच्या वेळी फिनलंड सरकारनं ती जाहीर केली आणि १९९६ पर्यंत ११ हजार माणसांनी एकेक पाइनचं झाड लावलं. लावणाऱ्याला प्रमाणपत्र मिळालं. ते चारशे वर्षं चालणारं आहे आणि वारसाहक्कानं पुढच्या पिढीकडं जातं. झाडाची मालकी नव्हे, झाडाची राखण वारशानं मिळते. आपल्याकडं आजोबांनी लावलेल्या आंब्यावर नातवंडांचे वाटे पडतात, त्याला पाणी कुणी घालायचं याचे मात्र पडत नाहीत. या प्रमाणपत्रात ती वाटणी लिहून दिली आहे.

कासेलचा वारसा दुसऱ्याही रस्त्यानं पसरला. १९८८ साली डिया संस्थेनं न्यू यॉर्कमध्ये आपल्या इमारतीपुढच्या रस्त्यावर पाच झाडं आणि पाच बेसाल्टचे दगड लावले, १९९६ मध्ये आणखी अठरा. २००७ साली हेदर ॲक्रॉइड आणि डॅन हार्वी हे इंग्लंडमधले कलावंत जोडपं कासेलला गेलं, बॉइस यांच्या ओकखाली पडलेल्या शेकडो बिया गोळा केल्या आणि त्यांची रोपं केली. त्यातली शंभर झाडं २०२१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाच्या आवारात मांडली होती. ओकची बी सुकवून डब्यात ठेवता येत नाही. सुकली की मेली. आपली आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाची बी हीही त्याच जातीची. अशा बियांचा वारसा तिजोरीत टिकत नाही, लगेच मातीत घालूनच टिकवावा लागतो.

आपल्या शिवारात

आता आपल्याकडं या. राज्यात १ जुलै २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी असं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं. त्याआधी २०१० साली सुरू झालेल्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेत गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात झाडं लावायची आणि जगवायची अट होती. या आकड्यांवर टीका करायचा माझा हेतू नाही. लागवड करताना गावकऱ्यांनी घाम गाळला आहे. पण आज गावच्या पारावर बसून विचारा, ‘२०१८ ची झाडं कुठली?’ दोन माणसं दोन दिशांना बोटं दाखवतील. झाड उभं आहे, तरी ते त्या लागवडीतलं की आपोआप उगवलेलं, हे सांगता येत नाही. जे मेलं ते का मेलं, हे तर मुळीच नाही. त्यामुळं पुढच्या वर्षी तीच जात, त्याच मुरमाड जागी, तशीच लावली जाते आणि तशीच वाळते.

जिथं नोंदीला किंमत असते तिथं माणूस बरोबर मोजतो. २०१८ सालच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदानाचे ५०, ३० आणि २० टक्क्यांचे तीन हप्ते ठेवले होते. दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत असतील तरच पुढचा हप्ता. तिथं शेतकऱ्याला विचारा, तो एकेका कलमाची कुंडली सांगेल. खाजगी बांधावरच्या झाडांची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाइलवर स्वतः करता येऊ लागली. प्रश्न आहे तो गायरान, रस्त्याची कड, शाळेचं आवार, स्मशानभूमी इथल्या झाडांचा. ती सगळ्यांची, म्हणून कुणाच्याच वहीत नाहीत.

तेव्हा यंदा लागवड करणार असाल तर निदान पन्नास झाडांपुरता कासेलचा कित्ता गिरवून पाहा. दगड विकत आणू नका. विहिरीच्या खोदकामात, शेत सपाट करताना निघालेले दगड गावात पडून असतात. शासकीय जमिनीतून उचलण्याआधी तेवढं गौण खनिजाचं तलाठी भाऊसाहेबांना विचारून घ्या, नाहीतर चांगल्या कामात दंडाची नोटीस यायची. अडीच फुटांचा दगड पुरे. तिसरा हिस्सा जमिनीत गाडा, आळ्याच्या बाहेर, रोपापासून दीड-दोन हातांवर आणि सगळीकडं रस्त्याच्या एकाच बाजूला. त्यावर नंबर पाथरवटाकडून कोरून घेतलात तर उत्तम, नाहीतर ऑइलपेंट चालेल, तो मात्र दरवर्षी फिरवावा लागेल. नंबराची पत्र्याची चकती खिळ्यानं खोडावर ठोकू नका. सालीला जखम होते आणि तिथून बुरशी-किडीला वाट मिळते. तारेनं बांधलीत तर खोड जाड झाल्यावर तार सालीत रुतते, मुळांकडं जाणारा अन्नरस अडतो आणि चांगलं वाढलेलं झाड गळफास बसल्यासारखं मरतं. नोंद ठेवायला गेलो आणि झाडच गेलं, असं नको.

रजिस्टर साधं ठेवा. नंबर, जात, जागा, लावल्याची तारीख, रोप कुठल्या रोपवाटिकेतलं, लावलं कुणी आणि पाणी कोण घालणार. त्यापुढं दोन मोजण्यांचे रकाने, एक दिवाळीनंतरचा आणि एक मृगाच्या आधीचा. माझ्या पाहण्यात बहुतेक रोपं होळी ते मृग या काळात जातात, म्हणून दुसरी मोजणी टाळू नका. दिवाळीतली टक्केवारी सगळ्यांचीच गोड असते. शेवटचा रकाना ‘मेलं तर कशानं’ असा ठेवा. शेळ्यांनी खाल्लं, पाणी मिळालं नाही, वाळवी, वणवा, रस्त्याच्या कामात जेसीबीखाली गेलं, जे असेल ते लिहा. लाजू नका. गावाला पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त उपयोग याच रकान्याचा होतो. मेलेल्या झाडाची नोंद खोडू नका. त्याच नंबरवर नवं रोप लावलं तर नवी तारीख टाकून नवी ओळ घाला. नाहीतर तीन वेळा मेलेलं रोप कागदावर शंभर टक्के जिवंत राहतं.

वहीच्या तीन प्रती करा. एक पंचायतीत, एक शाळेत, एक बचत गटाकडं. आमच्यासारख्यांच्या बदल्या होतात, सरपंच बदलतात, कपाटाची किल्ली हरवते. तीन ठिकाणची वही एकदम हरवत नाही. मोजणी मुलांना करू द्या, नंबराचे दगड असले की चौथीतलं पोरही चुकत नाही. शेकड्याचं गणितही तिथंच होतं. फोटो दरवर्षी त्याच जागी उभं राहून, दगड चौकटीत येईल असा काढा. आणि १ मेच्या ग्रामसभेत ही वही मोठ्यानं वाचा, कुणाचं झाड जगलं आणि कुणाचं मेलं ते नावानिशी. थोडी धुसफूस होईल. होऊ द्या, त्या आठवड्यात झाडांना पाणी मिळतं.

पाच-सात वर्षांनी या वहीचा एक जास्तीचा फायदा मिळेल. कमी पाण्यावर जोमानं वाढलेलं झाड कोणतं, ते नंबरासकट कळेल. बी त्याच झाडाचं धरा. चिंचेचं बी कोरडं ठेवलं तर पुढच्या वर्षापर्यंत थांबतं. जांभूळ खाल्ल्यावर बी आठवड्याच्या आत पिशवीत गेलं पाहिजे. निंबोळ्या पिकून खाली पडल्या की गर धुऊन सावलीत सुकवा आणि दोन-तीन आठवड्यांत पेरा. आषाढात गोळा केलेली निंबोळी दसऱ्याला पेरलीत तर पिशव्या रिकाम्याच राहतील.